खोताच्या वाडीतला सातवा स्वर

हिमालयाच्या पायथ्याशी सात दिवस चालणारं संगीत. ढगांना टांगलेल्या घंटा. प्रेक्षक कुणी नाही, सगळेच सामील, आणि शेवटी वाजवणारा आणि ऐकणारा हा भेदच उरणार नाही. शंभरेक वर्षांपूर्वी एका रशियन संगीतकाराने हे मनावर घेतलं होतं. भारतासाठी उन्हाची टोपीही घेतली होती. पण ते काम अर्धवट ठेवून तो वारला.

त्याच्या नादाने मी हिमालयाची तिकिटं बघत होते. मैत्रीण म्हणाली, "आधी गिरगावात खोताच्या वाडीत जा. माझ्या पियानो टीचर, फिलोमिना आंटी, त्या रशियनाचंच वाजवतात. लवकर जा, पियानो घरातून चाललाय."

आंटींनी फोनवर कामच सांगितलं. "येताना परळहून सावंतला उचल. मेला फोन घेत नाही."

शिवाजी पार्कहून नऊला निघाले. सावंतकाका भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. दुकान चाळीच्या तळमजल्यावर. शेजारची मिसळ झणझणीत आहे, सोसेल त्यानेच खावी. आंटींचं नाव काढताच काकांचा चेहरा उतरला.

"दोन वर्षांमागे त्यांचो पियानो मी सुरात लावलो. तंबोरो समोर ठेवून, पेटीच्या कानाने. पियानो तसो लावत नाहीत. सगळे स्वर थोडे थोडे सरकवून ठेवायचे असतात. माका माहीतच नव्हता."

"मग दुरुस्त का नाही केलात?"

"बाई हात लावूक देतील तर ना!"

टॅक्सीत मी सांगितलं, त्या रशियन माणसाला स्वरांमध्ये रंग दिसायचे. काका हसले. "त्यात काय? पेटीची पट्टी सांगताना आमी रोज म्हणतो. काळी दोन, पांढरी चार."

टॅक्सी मोठ्या रस्त्यावर सोडायची, वाडीत चालत शिरायचं. इथे लोक राहतात. खिडक्यांचे फोटो काढू नका.

"काय रे सावंत, जिवंत आहेस?" आंटींनी दारातच विचारलं.

"तुमच्या पियानोपेक्षा बरो."

आंटींनी फुगे पुढे केले. तळलेले, पोकळ, गोड. मग पियानोशी बसल्या. "त्या रशियनाचा एक सूरगुच्छ आहे. सहा स्वरांचा. कुठे संपत नाही, तरंगत राहतो. ऐक."

सहा बोटं खाली गेली. आणि त्या सहांच्या खालून, फळ्यांच्या जमिनीतून यावा तसा, एक जाड गुणगुणता आवाज उठला. पियानोजवळच्या रिकाम्या स्टुलाच्या बाजूने. माझ्या हातातला फुगा तसाच राहिला.

"लुसी," आंटी म्हणाल्या. "माझी बहीण. मी वाजवायचे, ती त्या स्टुलावर बसून खालचा सूर धरायची. तीन वर्षं झाली तिला जाऊन. याने पियानो लावला आणि ती परत आली."

काका चपलांकडे बघत म्हणाले, "तंबोऱ्यात नाही का, न छेडलेलो गंधार ऐकू येता? स्वर नेमके जुळले की होता तसा." स्टुलाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

आंटी आठवड्याभरात करी रोडला पुतण्याकडे जाणार. टॉवरच्या लिफ्टमध्ये पियानो मावत नाही, म्हणून तो उद्या एका संगीतशाळेला जाणार होता.

काकांनी तारा पिळायची चावी काढली, पण हात पुढे जाईना. "लावू, की ऱ्हवां दे? शाळेत कोणाक कळता?"

आंटी उठून खिडकीशी गेल्या. मग म्हणाल्या, "लाव. नाहीतर पोरांचे कान बिघडतील."

तीन तास लागले. आंटी पूर्ण वेळ पाठ करून खिडकीशी बसल्या. शेवटी येऊन त्यांनी तेच सहा स्वर दाबले. सहाच ऐकू आले.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि झाकण लावलं.

हिमालयाचं तिकीट मी अजून काढलेलं नाही. या दिवसाचा खर्च म्हणाल तर टॅक्सी आणि मिसळ. बाकी जे माझ्यासोबत घरी आलं त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंटींचा फोन आला.

"नेला ग पियानो. खोली केवढी मोठी वाटते."

फोनमध्ये तोच जाड, खालचा सूर सुरू झाला. मला जरा हायसं वाटलं.

"छान गाताय, आंटी."

"मी?" त्या हळूच म्हणाल्या. सूर तुटला नव्हता. "मी तर ऐकतेय."