कानमापे

२०१४ साल होतं आणि मला बहात्तरावं लागलं होतं. मुलगा इकडे परदेशात, हॉर्नबीत इंजिनियर, त्याच्याकडे येऊन दोन वर्षं झालेली. शेजारचा फ्रेंच म्हातारा कोणीही भेटलं की आधी त्याचा कान बघायचा, मग तोंड. म्हणून मी त्याचं नाव कानमापे ठेवलं. अर्थ सांगितला तर खूश झाला.

मी तिसरी पास. त्याचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं जमलं. रोज दहाला कुंपणापाशी चहा. आपला दुधाचा चहा बघून तो म्हणायचा, "हे तर सूप आहे." तरी दोन कप प्यायचा.

बोलणं एकच, त्याच्या आजोबांचं. आजोबा फ्रान्सात पोलीस. शंभर वर्षांमागे तिकडे चोर मोटारीतून पळायचे आणि पोलीस हद्द आली की थांबायचे. मग सरकारने नवी तुकडी काढली. तिला हद्द नाही, हाताशी टेलिफोन, पुढे मोटारीही आल्या. धरलेल्या माणसाचं डोकं, बोटं, कान मोजून कार्डावर लिहायचे. "नाव बदलतं, दाढी वाढते, कान तोच राहतो," तो म्हणायचा. "मारझोड नाही. विज्ञान." मलाही ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

एकदा सांगत सुटला, की आजोबांनी भटक्या लोकांनाही असंच मोजलं. गुन्हा केलेला नसला तरी. पोरांनासुद्धा. त्या लोकांनी जवळ मापांची वही बाळगायची आणि गावात शिरताना, निघताना तिच्यावर शिक्का घ्यायचा.

मी कप खाली ठेवला. माझी जमात गोऱ्या सरकारने जन्मापासून चोर ठरवलेली. बाप रोज चौकीवर हजेरी द्यायला जायचा, मी पाच-सहा वर्षांचा, त्याच्या मागे मागे. हे मी सुनेलाही कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "पण उगाच कोण कोणाला मोजेल? काहीतरी असणारच."

त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. मुलगा म्हणाला, "आबा, म्हातारा माणूस आहे, सोडून द्या ना."

"मग मी काय तरणा आहे?" मी म्हणालो.

दोन महिन्यांनी तो कुंपणाशी आला. मी मेथीला पाणी घालत होतो. "मी चुकलो," तो मागून म्हणाला. "तुझ्या वडिलांचं नाव काय होतं?"

मी वळलो नाही. पाइप धरून तसाच उभा राहिलो, वाफा तुडुंब भरला. त्याच्या जँडल्स चपलांचा आवाज लांब गेला तेव्हा नळ बंद केला. उद्या सांगू म्हटलं. पण रोज सकाळी ताठा आडवा यायचा.

थंडी पडली. एका संध्याकाळी सून म्हणाली, "आबा, शेजारचे आजोबा गेले. दुपारीच, हॉस्पिटलात." मी ताटावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, कोट घालून त्याच्या दाराशी गेलो. त्याच्या मुलीने दार उघडलं. रडून डोळे सुजलेले. "तुझ्या वडिलांनी मला एक विचारलं होतं," मी म्हणालो, "सांगायचं राहिलं." आणि तिथेच, पायरीवर उभा राहून, तिला माझ्या बापाचं पूर्ण नाव सांगितलं.