चांदणी दिसली की खाली बघायचं

बिभीषण गेल्याचा मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी तो खरा मानला नाही. ही सवय त्याचीच. कळंबच्या मेन रोडवर त्याचं छपाईचं दुकान, चार दुकानं सोडून माझं मेडिकल. "पुढं ढकललेला मेसेज आन् ढकलगाडी सारखीच, ब्रेकचा भरवसा न्हाय," असं तो म्हणायचा... मी त्याच्या मुलाला फोन लावला. मागून वहिनींचं रडणं ऐकू आलं आणि विचारायचं काही उरलं नाही.

त्याचा सगळा संशय एका खुणेपासून सुरू व्हायचा. पुस्तकी भाषेत तारांकन, त्याच्या दुकानात चांदणी. हँडबिलावर 'पन्नास टक्के सूट'च्या डोक्यावर तोच ती बसवायचा आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'अटी लागू' टाकायचा. "लावणाराच मी हाय, म्हणून सांगतो. चांदणी दिसली की खाली बघायचं." शाळेच्या पुस्तकात अवघड शब्दावर असते आणि खाली अर्थ देते, तेवढी एकच चांदणी इमानदार, असं त्याचं मत. बाकी पेपरात शिवी झाकायला चांदण्या, बँकेच्या मशीनवर आकडे दाबले की चांदण्या... "माझाच आकडा, मीच दाबला, आन् मलाच दाखवंना!" मुलीला पहिलं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "मुलगा कायम नोकरीला आहे." बिभीषणनं शांतपणे विचारलं, "चांदणी कुठंय?" सगळे हसले. मुलगा कंत्राटी निघाला.

पुढं दुसरं स्थळ जमलं. लग्न तोंडावर आलं, आणि त्या धावपळीत पाय सुजतात म्हणून त्यानं रक्त तपासून घेतलं. भर गर्दीत माझ्या काउंटरवर कागद ठेवला, एका आकड्यावर बोट ठेवलं. "गड्या, ही चांदणी कशाची? खाली बघितलं, तर समदं इंग्रजीत."

आकडा किडनीचा होता. प्रमाणाबाहेर गेलेल्या आकड्यापुढं लॅबवाले ती खूण करतात, हे मी रोज बघतो. त्याच्या काखेत लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. मी म्हणालो, "काही नाही रे. मशीनच टाकतं ती. सगळ्यांच्याच रिपोर्टवर असते."

आता हा हसणार, "मला शिकवतो व्हय?" म्हणणार, असं वाटलं. म्हणावं, असंही वाटलं... त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "तू म्हणतोस तर झालं."

लग्नानंतर सांगू, असं मी ठरवलं होतं. लग्न झालं, मुलगी पाचपरतावणाला माहेरी येऊन गेली. मग 'आधी का नाही बोललास' याची लाज वाटायला लागली, आणि लाजेत महिने गेले. कंबर धरली की दुखण्याच्या गोळ्या तो माझ्याकडूनच न्यायचा. किडनी बिघडलेल्याला त्या देऊ नयेत, हे मला ठाऊक होतं. पण नाही म्हटलं असतं तर त्यानं कारण विचारलं असतं. मी पाकीट कापून अर्धंच द्यायचो. सोलापूरला नेलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात.

हे लिहून छापायला देण्याआधी वहिनींना सगळं सांगितलं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला.

"मी म्हणलं होतं, मोठ्या दवाखान्यात दाखवू," त्या म्हणाल्या. "तर मलाच वरडले. दोस्तानं बघितलंय, आता त्याच्यावर बी संशय घेऊ का, म्हणले."

आणि पुन्हा ज्वारी निवडायला लागल्या. चहा विचारला नाही.

परवा त्या एसटी स्टँडवर दिसल्या, हातात त्यांच्याच नावाचा तपासणीचा लिफाफा. धाराशिवच्या गाडीची पाटी समोर होती, तरी कंडक्टरला विचारत होत्या, "नक्की धाराशिवच ना?"

"पाटी दिसंना का, मावशी?"

"दिसती की. तुमी तोंडानं सांगा."

"धाराशिव, धाराशिव! लिहून देऊ का आता?"

मी पुढं झालो. "वहिनी, रिपोर्ट बघू का?"

त्यांनी लिफाफा पदराखाली घेतला.

"नगं, भावजी. तिथं दोघा डॉक्टरांस्नी इचारीन."

आणि गाडीत चढल्या.