कुत्रा दिसला की पळणारी

माझी आक्का कृत्रिम पायांच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळते. घरात विजेचं बिल कुठे ठेवलं, हे तिला कधी आठवत नाही. पण तिच्याबद्दल वाकडा शब्द मी ऐकून घेत नाही. त्याला कारण टपालवाल्या बाईंचा पाय.

बाईंचा जुना पाय तडकला. नव्या कारागिराने नव्याने माप घेऊन दोनदा पाय बनवला, दोन्ही टोचले. पोस्टातल्या साहेबांनी खुर्चीवरचं काम देऊ केलं. "खुर्चीत बसवलं की मी संपलेच," बाई म्हणाल्या. जुन्या पायाचं माप कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये होतं, पण ते ठेवणारे जुने कारागीर, म्हणजे उस्ताद, आता हयात नव्हते. आणि उस्तादांची तऱ्हाच न्यारी! फोल्डरला माणसाचं नाव द्यायचं नाही, त्याची चाल लिहायची. शिवाय फोल्डरात फोल्डर, त्याच्याही पोटात फोल्डर. नावाने शोधून शोधून सगळ्यांनी हात टेकले होते.

आक्काने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरसाठी छोटा प्रोग्राम, लिहायला घेतली. प्रत्येक फोल्डरात शिरायचं, दिसेल ते नाव पडद्यावर छापायचं. जितकं खोल, तितकी ओळ उजवीकडे सरकवायची. पहिल्या खेपेला जेमतेम चार ओळी आल्या.

"ही तुझ्यासारखीच निघाली," आक्का मला म्हणाली. "उंबऱ्यातून डोकावते आणि परत फिरते."

आतल्या फोल्डरातही हेच कर, असं सांगायचं राहून गेलं होतं. तेवढं दुरुस्त केलं आणि ओळींचा नुसता लोंढा सुरू झाला. बाईंना शेजारी बसवून आक्का वाचू लागली.

"उजवे. डुलत चालणारे. घाईचे... डावे. जिने चढणारे. दोन-दोन पायऱ्या घेणारे. कुत्रा दिसला की पळणारी."

"थांबा!" बाई ताडकन उठल्या. "अहो, मीच ती! उस्तादांनी हेसुद्धा लिहून ठेवलं?" हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले.

त्या फोल्डरात मापाची एकच फाइल होती. तिच्यावरून केलेला पाय पहिल्याच दिवशी चपखल बसला. माझी तर कॉलर ताठ झाली.

परवा घरची बेल वाजली. टपालाच्या पेट्या खाली फाटकाजवळ, आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. दारात टपालवाल्या बाई, धापा टाकत.

"आक्का कामावर असतील ना? त्यांना सांगा, वर येऊन दिलं."

विजेचं बिल होतं. हे मात्र आक्काने अजून हरवलेलं नाही.