आज पाय हलके

मूल गावच्या बाजारातल्या त्या टेलरला सगळे मास्तर म्हणत. त्यांच्या पायांतला जोर जात चालला होता आणि दुपार झाली की थकून ते मशीनवरच डोकं टेकत. चांद्याचे हकीम-वैद्य झाल्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नसांचा आजार आहे, औषध नाही. तूप-मटण सोडून मासळी आणि जवस खाऊन बघा, थकवा कमी झाला तर झाला.

आमच्या गावाला हे कसं पटावं? अशक्त माणसाला तूप चारायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. मीही घरच्या तुपाची वाटी घेऊन गेलो. मास्तरांनी ती दोन्ही हातांनी घेतली, नाकाशी नेऊन डोळे मिटले आणि शेजारच्या बाळंतिणीकडे पाठवून दिली.

त्यांची बायको रोज तलावावरून मासळी आणायची, जवस कुटायची आणि स्वतःही तेच बिनतुपाचं जेवायची. त्या दिवशी ताट ठेवताना तिनं विचारलं, "आज कसं हाय जी?"

"आज पाय हलके वाटून राह्यले!" मास्तर खणखणीत आवाजात म्हणाले.

ती हसून दुकानामागच्या घरात गेली. मग मास्तरांनी दोन्ही हातांनी पायजमा धरून आपला पाय पायडलवरून उचलला आणि खाली ठेवला.

मी विचारलं, "खरंच फरक हाय का, मास्तर?"

"थकवा जरासा कमी हाय, भाऊ. पायाचं मात्र..." त्यांनी आतल्या चुलीकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "पण मी नाई म्हटलं, त उद्या तिनं काय रांधावं?"