आत्यासमोर पडलेलं मुंडकं

गुओत्सायने गावाला जो व्हिडिओ पाठवला त्यात शेवट नव्हता. डोक्यावर म्हशीची शिंगं, हातात कुऱ्हाड, मागे धूर आणि हा गरजतोय, एवढंच. खाली लिहिलेलं, 'मी चीयू आजोबा झालोय.' चीनमधल्या गुइचौच्या डोंगरातलं अख्खं मिआओ जमातीचं गाव खूश. आपल्या मूळ पुरुषाचं काम आपल्याच पोराला मिळालं म्हणून आत्याने डुक्कर कापलं. आईबाप गेल्यावर तिनेच त्याला वाढवलेलं.

शेवट असा, की जुनी लढाई झाली त्या ज्वोलूच्या मैदानावर, पर्यटकांसाठीच्या खेळात रोज पिवळा सम्राट जिंकतो आणि चीयूचं मुंडकं उडवतो. बघायला आलेले सगळे स्वतःला त्या सम्राटाची लेकरं म्हणवतात, टाळ्या त्यालाच. प्लास्टरचं मुंडकं घरंगळत मंचाच्या कडेला, पहिल्या रांगेपुढे येतं, पोरं त्याच्यासोबत सेल्फी काढतात. गुओत्साय काळ्या फडक्याखाली मेलेला. कोणी म्हणेल, पोरगा विकला गेला. म्हणणाऱ्याने आधी कारखान्यात दोन बोटं गमवावीत, काम मागत दारोदार फिरावं, मग तोंड उघडावं.

आणि एक दिवस, न सांगता, आत्या आणि गावच्या बायका बीजिंगच्या सहलीतून वाट वाकडी करून आल्या.

"पहिल्या रांगेत बसल्यात, अंगभर चांदी घालून," सम्राट झालेला शू म्हणाला. "आज तुला मारायची मलाच भीती वाटतेय."

"मग नको मारूस."

"काय करू? चहा पाजू?"

"जखमी कर. मी पळून जातो."

"मॅनेजर माझंच मुंडकं उडवेल, येड्या. चल, ढोल वाजला."

धूर सुटला. "हाण त्याला, पोरा!" आत्या ओरडली. लोक हसले. गुओत्सायने खरंच हाणलं, शूच्या खांद्यावर. "लागलं ना, गाढवा!" शू दातांत पुटपुटला. पण पडायचं होतं तेव्हा गुओत्साय पडला. मुंडकं घरंगळलं.

मग आत्याने गळा काढला. मयताला काढतात तसाच. रडत रडत ती वर चढली, कमरेला बांधलेला भरतकामाचा शेला सोडला आणि मुंडक्यावर घातला. "मेलेल्याचं तोंड असं उघडं टाकतात? माणसं आहात की कोण?"

लोकांना वाटलं, हाही खेळच. टाळ्या पडल्या. रखवालदारांनी तिला दंडाला धरलं. "आजी, खाली चला."

"हात सोड, मेल्या!"

फडक्याखाली गुओत्सायला सगळं ऐकू येत होतं. उठला असता तर नोकरी गेली असती. तो उठला नाही. भोंग्यावर सम्राटाचं भाषण सुरू झालं, की आपण सगळे एकाच घरचे.

बसपाशी आत्याने त्याच्या हातात पानात बांधलेला चिकट भात ठेवला. "जेवलास?"

"आत्या, ते नाटक असतं गं."

"ते कळतं मला. म्हातारी आहे, खुळी नाही. आजोबाला त्यांनी कधीच मारलंय, त्याचं काय नवीन? पण मला ओढत होते तेव्हा तू हातभर लांब होतास."

त्याने पानाची गाठ सोडली.

"गावात काय सांगू?"

त्याने पान परत बांधलं. आत्याने वाट बघितली. मग तीच म्हणाली, "तुझा आवाज चांगला लागतो म्हणून सांगते. शेवट बघायला मिळाला नाही, गाडीची वेळ झाली होती. या बायकाही तेच सांगतील."

आत्या गावाशी कधी खोटं बोललेली नव्हती. बाकीच्या बायका खिडकीतून त्याला हात करत होत्या. ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.