नवरंगाचं घरटं आणि मी खाल्लेला मासा

तीन आठवडे हे लिहायचं टाळतेय. पान उघडलं की गाडी धुवायचं आठवतं, नाहीतर भूक लागते.

जूनअखेर कौसामावशींचा फोन आला. कळमनुरीच्या पुढे एका वाडीत त्या शेळ्या राखतात. मागे माझी गाडी पंक्चर झाली, तेव्हापासूनची ओळख. "पोरी, करवंदीच्या जाळीत नवरंगानं घर केलंय. परवा सकाळी झुडपं काढून खड्डे खांदणार हायेत, रोपांसाठी. मुकादम म्हणतो, फोटू दाखव, तेवढी जाळी सोडतो. उद्या कॅमेरा घेऊन येच."

नवरंग पक्षी मैनेहून लहान, शेपूट तोकडी, अंगावर हिरवा, निळा, पिवळा, पोटाखाली लाल. पाचोळ्यात किडे शोधतो. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याच्यापुढे लिहिलंय, 'सध्या धोका नाही'.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून सकाळीच निघाले. वारंगा फाट्यापर्यंत रस्ता झकास. पेट्रोल तिथेच भरा. चहावाला म्हणाला, "सिद्धेश्वर धरणावर जा की, ताजा मासा निघून राहिलाय." वाट वाकडी होती, पण दिवस मोठा वाटला. दीडशे रुपयांत मासा-भाकरी पोटभर, धरणावर वारा, मासेमाऱ्यांच्या गप्पा. मुक्कामच केला. मावशींना कळवलं, मासा खातेय, सकाळी पोचते.

पोचले दहाला. शेवटचे चार किलोमीटर चिखल आहे, चारचाकी नेऊ नका. करवंदीच्या जाळ्यांची टेकडी बोडकी झाली होती. ओळीनं खड्डे, शेजारी रोपांच्या काळ्या पिशव्या. झाडं लावण्यासाठी रान साफ केलं होतं.

"काल दिवसभर थांबलो ताई," मुकादम म्हणाला. "बाई म्हणे पक्षी हाय, पक्षी हाय. पुरावा कुठाय? मला बी वर साहेबांना खड्डे दाखवावे लागतात."

मावशी माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मासा चांगला व्हता का?"

मग त्यांनी ओंजळ उघडली. गवत-काड्यांचा दबलेला गोळा, त्याला चिकटलेली कवचं, पांढरी, तांबूस ठिपक्यांची. मी कॅमेरा काढला. "आता काढून काय उपेग?" मावशी म्हणाल्या.

नर एका खड्ड्याच्या मातीवर बसून दोन सुरांची शीळ घालत होता. उत्तराला थांबायचा, पुन्हा घालायचा. तो फोटो मी काढला. मुकादमानं तो बराच वेळ पाहिला. "हा व्हय? मला वाटलं, चिमणीवानी काई असंल." आणि माणसांना जेवायला बोलवायला गेला.

मी निघताना मावशींनी चहा दिला. लगेच शेळ्यांकडे वळल्या.

घरी आल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं. ते खोटं बोलत नाही. देशात असतील पुष्कळ नवरंग. त्या टेकडीवर दोन होते, आणि त्यांच्यासाठी मला फक्त वेळेवर पोचायचं होतं. तुम्ही जाल तेव्हा सिद्धेश्वर परतीच्या वाटेवर ठेवा.

एवढं लिहिलं आणि मावशींचा फोन आला. तेव्हापासूनचा पहिलाच.

"नाल्यापल्याडची झुडपं उद्या काढणार हायेत. अन् मुकादम येऊन बसलाय माझ्या दारात. काहून आलास इचारलं, तर म्हणतो, बाई, तोडायच्या आधी चल, घरटी हायेत त्या जाळ्या दाखव."