रीडच्या नावाची सायकल

सकाळपासून गारठवणारा भुरभुर पाऊस, समुद्रावर धुक्याची गोधडी. पहिली फेरी सुटली तशी मर्टल फॉकिंगम कॉम्प्युटरपुढे बसली. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यासमोरल्या आमच्या बेटाच्या बोटीचं कार्यालय ती सांभाळते. मी खिडकीत तिकिटं फाडतो. पाहुण्यांचा मोसम सरला की बेटावरच्या माणसांचे पास साफ करायचे. पाच वर्षांत जो बोटीत चढला नाही, त्याची ओळ कॉम्प्युटरातल्या यादीतून, म्हणजे टेबलातून, डिलीट.

मर्टल थेट डिलीट कधीच चालवत नाही. आधीच्या कारकुनानं एकदा अट लिहायची विसरून अख्खं बेट पुसलं होतं. म्हणून ती आधी तीच अट घालून ओळी नुसत्या मागवते, नावं वाचते, मग पुसते. आणि अटीला दरवर्षी एक शेपूट जोडते: रीड सोडून.

रीड तिचा लेक. अलास्काला मासेमारीला गेला, तो तिकडचाच झाला. परवा फोनवर म्हणाला, "आई, इथं घर घेतलं."

फेरी करून कप्तान हार्लन आत आला, खांद्यावरून डोकावला. "काय गो, शेपूट आहेच का अजून?"

"तुझ्या बोटीला भार होतो काय रे त्याचा, मेल्या?"

"बोटीला नाही गो."

मर्टलनं खुर्ची पुढे ओढली. मग तिनं शेपूट खोडलं नि डिलीट चालवलं. मशीन अडून बसलं. रीडच्या ओळीला दुसऱ्या टेबलातली एक ओळ बांधलेली होती, ती आधी सोडवा म्हणे. सायकलीचा पास! दर शनिवारी बाजाराला जाताना मर्टल बोटीत चढवते ती सायकल.

"घे की नावावर. चालवतेस तूच," मी म्हणालो.

"चालवते मीच. पण कुणी विचारलं की सांगते, रीडची आहे."

तिनं सायकल स्वतःच्या नावावर केली. आता डिलीट बिनबोभाट चाललं. पण पक्कं करायचं बाकी होतं. तोवर एका शब्दानं सगळ्या ओळी जागच्या जागी परत येतात. धुक्यातून धक्क्यावर कोणी उतरतंय का, असं ती खिडकीबाहेर बघत राहिली. हार्लननंही घाई केली नाही.

मग तिनं पक्कं केलं.

"आला तर गो?" हार्लननं हळूच विचारलं.

"आला तर नवी ओळ घालीन. पाहुण्यांचं तिकीट नाही फाडू देणार ह्याला," माझ्याकडे हनुवटी उडवत ती म्हणाली. नाक पुसलं, आणि टपालाची ओली पोती आत ओढायला उठली.